उघड्या दाराचं कुलूप

सुरतेच्या पांडेसऱ्यात आम्ही भाड्यानं राहायचो, त्या घराचे मालक काका जिन्यावरून येतायत की जातायत हे त्यांच्या पावलांवरून कधी कळलं नाही. ते कळायचं किल्ल्यांवरून. कमरेला हा एवढा मोठा जुडगा, आणि त्याचा खुळखुळ पार गच्चीपर्यंत. गच्चीला कुलूप, पाण्याच्या टाकीला कुलूप, मीटरच्या पेटीला कुलूप, झाडू ठेवायच्या कपाटालासुद्धा कुलूप. अहो, झाडू कोण नेणार? पण हे विचारायची सोय नव्हती. एक नवंकोरं पितळी कुलूप तर त्यांनी 'वेळेवर लागलं तर' म्हणून लोखंडी पेटीत जपून ठेवलं होतं. त्या पेटीला अर्थातच वेगळं कुलूप होतं.

कुलूप लावलं की ते ओढून बघायचे. जरा पुढे जायचे, थांबायचे, परत येऊन पुन्हा ओढायचे. काकू वरून ओरडायच्या, "तुटी जाई ते तुम्हना हातमा!" काका मान वर न करता म्हणायचे, "तुटनं ते नवं लिसूत."

एकदा तर या बाबानं बाहेरून दाराला कुलूप ठोकलं आणि सायकल घेऊन निघून गेला. काकू आत. मी खालून बघतेय तर काकू शांतपणे गॅलरीत आल्या आणि फडक्यात गुंडाळलेली किल्ली त्यांनी माझ्याकडे टाकली. घरातल्या झाडून सगळ्या कुलपांच्या जोडकिल्ल्या त्यांनी तांदळाच्या डब्यात लपवल्या होत्या, लग्नापासून. "त्यासले सांगू नको हं व माय," म्हणाल्या, "बिचाराले झोप येणार नई."

एवढा ध्यास कशाचा, असं मी एकदा सरळ विचारलं होतं. म्हणाले, सुरतेला नवीन आलो तेव्हा एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचो, कुणीतरी माझी नवी चादर नेली. पुन्हा कधीतरी विचारलं तर चादरीऐवजी घड्याळ होतं. तिसऱ्या वेळी म्हणाले, आमचा बापच असा होता. मी नाद सोडला. मात्र एक गोष्ट ते नेहमी सांगायचे, "कुलूप चोरासाठी नसतं पोरी, आपल्या झोपेसाठी असतं." मला तेव्हा हे ऐकून रागच यायचा, कारण रात्री पाणी गेलं तर टाकीची किल्ली मागायला त्यांना झोपेतून उठवावं लागायचं.

सायकल आली ती साखर वाढली म्हणून. डॉक्टरनं सांगितलं, रोज चाला. काकांना नुसतं चालणं म्हणजे बिनकामाचं वाटायचं. कापड गिरणीच्या लूमखात्यात उभ्या उभ्या उभा जन्म गेला, आता पुन्हा पायच झिजवायचे? सिटीलाइट भागातल्या कुणा कॉलेजवाल्याकडून त्यांनी जुनी गियरची सायकल आणली. पांढरा पायजमा, पायाला रबरबँड, डोक्यावर टोपी आणि टोपीवर हेल्मेट. सायकलच्या दांड्याला एवढी जाड साखळी गुंडाळलेली की म्हैस बांधावी. रविवारी सकाळी ते निघायला लागले, आणि काकूंनी मला पकडलं. माझ्याकडे कारखान्यात जायची सायकल होती. मी साड्यांच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर बनवते, रविवारी सुट्टी. नवरा रातपाळी करून दुपारपर्यंत घोरत पडायचा. "जाय ना त्यासनासंगे," काकू म्हणाल्या, "कोठे पडनात ते फोन ते करशी." झालं! मी काकांची फोनवाली झाले.

पहिले काही रविवार मी तोंड वाकडं करूनच गेले. पण सचिन गाव मागे पडलं, डाइंगच्या गिरण्यांचा तो नाकात बसलेला वास सुटला, मरोलीवरून समुद्राकडचा रस्ता लागला, की माझाच पाय जोरात चालायला लागायचा. दोन्ही बाजूंना ऊस, मग खजुरी, मग गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, मग झिंग्यांची, म्हणजे कोळंबीची तळी आणि तळ्यांवरचे बगळे. वेसूकडची पोरं घट्ट कपडे घालून सुसाट जायची आणि "गुड मॉर्निंग अंकल!" म्हणून ओरडायची. काका उत्तरादाखल घंटी वाजवायचे, पण वेग वाढवायचे नाहीत. त्यांना कुणाच्या पुढे जायचंच नसायचं. ते रस्त्याकडे बघायचेच कमी, घरांच्या दारांकडे जास्त.

समुद्राजवळच्या त्या गावाचं नाव मी सांगत नाही, नाहीतर रविवारी तिथे गर्दी व्हायची. बघितल्या बघितल्या कळायचं की इथे वारा नांदून गेलाय. नारळ सगळे एका बाजूला कललेले, देवळाच्या ध्वजाची काठी वाकलेली ती तशीच ठेवलेली, पत्र्यांवर दगड आणि ट्रकचे जुने टायर. तिथे वयसुद्धा वादळांवरून सांगतात. शाळेचं छप्पर गेलं त्या वादळात हा झाला, होड्या रस्त्यावर आल्या त्या वादळात हिचं लग्न. ऐकायला आधी गंमत वाटते, नंतर वाटत नाही.

तिथे आम्हाला मासी भेटली, तिकडे मावशीला मासी म्हणतात. म्हणजे काका पाणी मागायला गेले आणि ओट्यावरच थबकले. मासीचं घर गावाच्या टोकाला. पुढचं दार रस्त्याकडे, मागचं दार समुद्राकडे, दोन्ही सताड उघडी आणि एका रेषेत. रस्त्यावर उभं राहिलं की घरातून आरपार समुद्र दिसायचा. आणि घरात कुणी नाही! काका एवढे कासावीस झाले की पाणी मागायचं विसरले. मासी मागून लाकडं घेऊन आली, तशी ते अर्ध्या हिंदीत, अर्ध्या अहिराणीत ओरडले, "मासी, आपका घर उघडा शे!"

"हा, तो?" मासी म्हणाली. हो, मग काय?

तिथून त्यांची दोस्ती. मासी गुजरातीत बोलायची, काका त्यांच्या त्या खिचडीत, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं. तिचा नवरा वारलेला, मुलगा हजीऱ्याला कंपनीत, तिकडेच राहायचा, सणासुदीला यायचा. ती आम्हाला गवती चहाची पात घातलेला चहा द्यायची आणि तांदळाचा रोटला. काका आमच्या दोन्ही सायकली एकमेकींना बांधून कुलूप घालायचे, तिच्या अंगणात, तिच्या डोळ्यांसमोर. ती हसून हसून बेजार व्हायची. "अहीं कोण लई जवानुं छे? बगला?" म्हणजे इथे कोण नेणार, बगळे? काका गंभीरपणे म्हणायचे, "भरवसा नई."

दारांवरून मात्र त्यांचं वाजायचं. मासी रोजच्या दिवशी लांब जाताना कुलूप लावायची, त्यात काही नाही, पण वादळ येणार म्हटलं की त्यांच्या गावात दोन्ही दारं उघडी टाकून दोरीनं बांधून ठेवायची रीत होती. "पवनने रस्तो जोइए," ती सांगायची, वाऱ्याला रस्ता लागतो. एका दारानं आला, दुसऱ्यानं गेला. अडवला की घर घेऊन जातो. "आणि उघड्या घराचं काय?" काका विचारायचे. "घराजवळ कुणीतरी बसतं," ती म्हणायची. नवरा होता तोवर तो बसायचा, कोपऱ्यात खाटेला पाठ लावून. तो गेल्यावर ती एकटी बसली होती, एका वादळात, सगळं गाव शाळेत जाऊन बसलेलं असताना.

पुढच्या उन्हाळ्यात टीव्हीवर वादळाची बातमी आली. पावसाआधीचे ते चिकट दिवस. काकांनी बातमी बघितली, चहा अर्धा ठेवला आणि माझं दार ठोकलं. "चाल. मासीले काढनं पडी."

आम्ही पोचलो तेव्हा वारा सुटलेला, पण ऊन होतं. पोलीस आणि पंचायतीची माणसं लोकांना टेम्पोत बसवून पलीकडच्या गावातल्या स्लॅबच्या शाळेत पाठवत होती. मासीची दोन्ही दारं दोरीनं बांधून झाली होती आणि ती कोपऱ्यात खाटेवर बसली होती. येणार नाही म्हणाली. उघडं घर टाकून कशी येऊ? पोलीस वैतागले. मी हात जोडले. मग काका तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "तू जा. घराकडे मी बघतो. तुझी एक वस्तू जाणार नाही, हा माझा शब्द."

मासी खाटेवरून उठली. "बेउ बारणां खुल्लां," ती म्हणाली. दोन्ही दारं उघडी.

काकांनी मान हलवली.

मी तिचं गाठोडं घेऊन तिला टेम्पोपर्यंत पोचवायला गेले. काका शेवटचं सगळं बघून येतो म्हणाले. टेम्पो सुटल्यावर आले, किल्ल्या वाजवत. आम्ही निघालो. वारा पाठीशी होता, सायकली आपोआप पळत होत्या, आणि मला चक्क बरं वाटत होतं. मासी सुटली होती, आता घर राहो न राहो.

मरोलीच्या अलीकडे काका थांबले. दोन्ही पाय टेकवून उभे राहिले.

"मी कुलूप लाई दिधं," ते म्हणाले.

"काय?"

"मागला दारले आतून कडी. पुढला दारले कुलूप. उघडं कसं सोडू व? तिनी सगळी भांडी आत, शिलाई मशीन आत, तिना नवराना फोटू आत. मी हात लावाले गऊ नई, हातच गया."

मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी भर रस्त्यात वाट्टेल ते बोलले. ते ऐकत होते, आणि ऐकता ऐकताच त्यांनी सायकल वळवली. आता वारा तोंडावर. पायडल मारलं तरी सायकल जागची हलत नव्हती. शेवटी उतरून ढकलत गेलो, डोळ्यात धूळ, काकांचं हेल्मेट टोपीसकट तिरकं झालेलं. आणि गावाच्या फाट्यावर पोलिसांनी दोरी बांधून रस्ता बंद केलेला.

"साहेब, फक्त कुलूप उघडून येतो," काका म्हणाले.

हवालदार दमलेला होता. तरी त्याला हसू आलं. "अंकल, सुबह से सब लोग ताला लगाने वापस जाना है बोल रहे हैं. आप खोलने जाओगे?"

काकांनी त्याला सगळं सांगितलं. वारा, दोन दारं, रस्ता. हवालदार त्याच बाजूचा असावा, कारण तो हसायचा थांबला. पण नाही म्हणाला. आता आत कुणीच नाही, आणि कुणी जाणारही नाही. तेव्हा काकांनी कमरेचा जुडगा सोडला, त्यातली एक किल्ली काढली आणि त्याच्यासमोर धरली. "मग तुम्ही जा. ही घ्या." ज्या जुडग्याला त्यांनी उभ्या जन्मात काकूंना हात लावू दिला नव्हता, त्यातली किल्ली ते एका अनोळखी माणसाला देत होते. हवालदारानं त्यांची मूठ मिटवली आणि आम्हाला परत पाठवलं. माझा राग तिथेच गळून पडला. इतका केविलवाणा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता.

रस्ते मोकळे झाल्यावर गेलो. पडलेल्या झाडांवरून सायकली उचलून नेत होतो. मासीच्या शेजारच्या घराचे एकदोन पत्रे गेले होते, बाकी घर जागेवर. त्याची दोन्ही दारं अजून दोरीनं उघडी बांधलेली होती. मासीच्या घराचं समुद्राकडचं दार कडीसकट उखडून आत पडलं होतं. वारा तिथून शिरला, पुढे वाट मिळेना, मग छप्पर उचलून घेऊन गेला. जाता जाता बाजूची भिंतही पाडली. रस्त्याकडची भिंत मात्र उभी होती, तिच्यात दार होतं, आणि दाराला काकांचं कुलूप होतं, जसंच्या तसं.

मासी ओट्यावर बसली होती. बाजूची भिंत पडलेली, कुठूनही आत जाता आलं असतं. ती गेली नव्हती.

"चावी लाव्यो?" तिनं विचारलं, किल्ली आणलीस का.

काकांना अंधारात, नुसत्या बोटांनी कुठली किल्ली कुठली ते कळायचं. त्या दिवशी त्यांनी भलभलत्या किल्ल्या लावून बघितल्या. शेवटी कुलूप निघालं. त्यांनी दार उघडून धरलं, आणि मासी दारातून घरात गेली. वर आभाळ. खाटेवर आडवा वासा पडलेला. भिजलेलं मशीन, चिखलात पातेली. एकही वस्तू कुठे गेलेली नव्हती.

"मासी, मन्ही चूक व्हयनी," काका म्हणाले.

मासीनं 'असू दे' म्हटलं नाही. म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं. हे छप्पर माझ्या माणसानं घातलेलं होतं." मग ती खाली बसून पातेली गोळा करायला लागली. मला रडू आलं. काका रडले नाहीत. ते तिच्या शेजारी बसले आणि चिखलातून एक एक चमचा वेचून पुसायला लागले.

त्या पावसाळ्याआधी आमच्या बिल्डिंगमधल्या कुणाचाच रविवार त्याचा राहिला नाही. काकांनी सगळ्या भाडेकरूंना कामाला लावलं. कुणी गवंडी होता, कुणी वेल्डर, माझा नवरासुद्धा झोप सोडून पत्रे धरायला आला. मासी दोन रविवार काकांशी बोलली नाही, चहा फक्त आम्हाला. तिसऱ्या रविवारी तिनं कप त्यांच्यासमोर आदळला. सुतारानं विचारलं, कोयंडा कुठे बसवू? काका घाईघाईनं म्हणाले, "नको, नको." मासी भडकली, "नको काय? आमच्या गावात चोर नाहीत का?" कोयंडा बसला. काकांनी मात्र दोन्ही दारांच्या बाजूला भिंतीत एकेक लोखंडी कडं पक्कं बसवून घेतलं. कशाला, ते कुणाला सांगितलं नाही.

ते कळलं पुढच्या वर्षी, पुन्हा वादळाची बातमी आली तेव्हा. या वेळी काका छोटा टेम्पो घेऊन आले, आमच्या सायकली त्यातच टाकून. मासीचं मशीन, पितळेची भांडी, नवऱ्याचा फोटो, सगळं टेम्पोत चढवलं. "हे मी नेतो, माझ्या खोलीत ठेवतो. तिथे कुलूप लावू का, विचारून लावतो." मासी म्हणाली, "तिथे लाव." मग काकांनी रस्त्याकडचं दार सताड उघडलं, आपल्या सायकलची जाड साखळी दाराच्या कोयंड्यातून आणि भिंतीतल्या कड्यातून ओवली, आणि कुलूप घातलं. समुद्राकडच्या दाराला माझ्या सायकलची साखळी. दोन्ही दारं उघडी, आणि उघडीच राहतील अशी कुलूपबंद. आता ती कुणालाच लावता आली नसती, त्यांना स्वतःलाही नाही. दोन्ही किल्ल्या त्यांनी मासीच्या हातावर ठेवल्या.

मासीनं कुलूप ओढून बघितलं. चार पावलं गेली, परत आली, पुन्हा ओढलं, अगदी त्यांच्यासारखं, आणि तोंडाला पदर लावून हसली. मग टेम्पोत पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसली. तिला शाळेत सोडून टेम्पो सामान घेऊन पांडेसऱ्याला गेला. आम्ही सायकलींवर मागून निघालो.

ते वादळ नंतर समुद्रातच वळून गेलं. पण त्या संध्याकाळी ते कुणाला माहीत होतं? घरी आलो तेव्हा धुळीनं आभाळ लाल झालेलं. काकांनी मासीचं सामान खोलीत लावलं, पेटीतलं ते नवंकोरं पितळी कुलूप काढलं आणि त्या दाराला घातलं. मग खाली आले. जिन्यापाशी आमच्या दोन सायकली उभ्या होत्या, मोकळ्या. त्यांचा हात सवयीनं दांड्याकडे गेला. साखळी नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि जिना चढायला लागले.

अर्ध्या जिन्यावरून किल्ल्यांचा खुळखुळ थांबला. मग परत खाली आला. ते शेवटच्या पायरीवर, सायकलींना पाठ लावून बसले. मीही बसले. वरून भाकरीचा वास येत होता. काकूंनी गॅलरीतून हाक मारली, "जेवाले येतस ना?"

"तू जेवी ले," काका म्हणाले. "उघडं शे. मी आठेच बसेल शे."